अर्धा वाघ

तिला घरी नाटकी म्हणत. नाव आईने पाडलं, पण मूळ कल्पना दातांच्या डॉक्टरची.

ती दुसरी-तिसरीत असताना तिची एक दाढ किडली, ती उपटायची होती. डॉक्टरने तिला खुर्चीत आडवं केलं, दिवा तोंडावर ओढला आणि मधाळ आवाजात सांगितलं, "मुंगी चावल्यासारखं वाटेल. दुखलं तर हात वर करायचा, मी लगेच थांबणार. ठरलं?"

ठरलं. दुखलं. तिने हात वर केला. डॉक्टर गुणगुणत होता, तो गुणगुणतच राहिला. याला दिसला नसेल असं वाटून तिने दुसराही हात वर केला. मग एक पाय. मग दुसरा. शेवटी उताण्या पडलेल्या झुरळासारखी ती चारही बाजूंनी विनंती करत होती आणि डॉक्टर गाण्याच्या दुसऱ्या कडव्यावर आला होता.

बाहेर येऊन त्याने आईला सांगितलं, "दुखलं-खुपलं काही नाही हो. पोरगी नाटकी आहे." आईने ओशाळून डॉक्टरची माफी मागितली. तिलाही मागायला लावली. तोंडात कापूस असल्यामुळे ती नीट मागता आली नाही, त्याबद्दल घरी वेगळी बोलणी बसली.

त्यानंतर तिचं कुठलंच दुखणं घरात दुखणं म्हणून धरलं गेलं नाही. जिन्यावरून पडून हात मोडला, तर तो उशीएवढा सुजेपर्यंत आई म्हणत होती, "झाला का खेळ सुरू?" अपेंडिक्स फुटायच्या बेतात आलं तेव्हा ती फरशीवर गडाबडा लोळत होती आणि आई तिच्याभोवतीची फरशी पुसून घेत होती. सर्जनने ऑपरेशन करून बाहेर येऊन सांगितलं की थोडक्यात वाचली, तेव्हा आईने त्याला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "पण नक्की दुखत होतं ना?"

आई वाईट नव्हती. तिचा डॉक्टरांवर विश्वास होता, इतकंच. आणि पहिल्या डॉक्टरचा निकाल तिने कायम धरला होता.

मोठी होऊन नाटकीने टॅटूचं दुकान काढलं. लोकांना सुया टोचून पोट भरायचं तिला का सुचलं, याबद्दल मैत्रिणींची ठाम मतं होती, पण तिच्यासमोर त्या ती मांडत नसत. किल्ल्या बनवणाऱ्याच्या वरची एक खोली, काळ्या रेक्झिनचा पलंग, मान वाकवता येणारा दिवा, पेडलवर चालणारं मशीन. तिची ख्याती मात्र भित्र्या लोकांत होती. हातपाय कापणारी माणसं गावभरातून तिच्याकडेच येत. ती आधी विचारायची, जेवलात का? उपाशीपोटी आलेल्याला ती परत पाठवायची. मग एक नखाएवढी रेघ मारून थांबायची आणि सांगायची, "हे असं दुखतं. खोटं सांगत नाही, दुखतंच. पण यापेक्षा वेगळं काही होणार नाही." मग श्वास. सुई टेकली की श्वास सोडायचा, लांब, फुंकर घातल्यासारखा. रोखून धरला की अंग ताठ होतं आणि दुप्पट झोंबतं. आणि शेवटचा नियम, दुकानाचा कायदाच म्हणा: हात वर झाला की मशीन बंद. रेघ अर्धवट राहो, डोळा काढताना बुबुळ राहो. हात वर, पाऊल पेडलवरून खाली.

तर त्या दिवशी ती पलंगाखाली शिरून पेडलची वायर ठीक करत होती आणि दारात कोणीतरी आलं. तिने खालूनच मान वर करून पाहिलं. दोन ऐसपैस नाकपुड्या आणि हनुवटीखाली एक मस.

दातांच्या डॉक्टरला माणूस रस्त्यात ओळखणार नाही. पण खालून, आडवं पडून पाहिलं की जन्मात विसरणार नाही.

"इथे टॅटू काढतात ना?" नाकपुड्यांनी विचारलं.

"काढतात," नाटकी म्हणाली आणि बाहेर येण्याआधी तिने मास्क नाकावर चढवला.

डॉक्टर आता निवृत्त झाला होता. रोज सकाळी पोहायला जायचा. तलावावर त्याच्याच वयाची एक टोळी होती. त्यातल्या एका बँकवाल्याने दंडावर गरुड काढून घेतला होता आणि तेव्हापासून तो टॉवेल गुंडाळायला अर्धा तास लावत होता. डॉक्टरला गरुडाच्या वरचं काहीतरी हवं होतं.

"वाघ," तो म्हणाला. "बरगड्यांवर. कमरेपासून वर चढणारा. काखेपाशी जबडा, आ वासलेला. टोळीला सांगून बसलोय मी, उद्या वाघ घेऊन येतो म्हणून."

पहिल्यांदा येणाऱ्याला ती बरगड्यांच्या आसपासही फिरकू देत नसे. तिथे मांस नाही, कातड्याखाली थेट हाड. सुई वाजते ती कानाला नाही, दातांना कळते. ती अशांना गोड बोलून दंडावर वळवायची.

"उत्तम जागा निवडलीत," ती म्हणाली.

जेवण झालंय का, हे तिने विचारलं नाही. श्वासाचा विषयच काढला नाही. पहिली रेघ मारून थांबण्याचा तर प्रश्नच नव्हता. तिला एकच गोष्ट हवी होती आणि ती तिने इतकी वर्षं मनात घोटून गुळगुळीत केली होती. तो हात वर करणार. आणि मशीन चालूच राहणार. बस. रक्तपात नको, पोलीस नकोत.

वाघाचं चित्र अंगावर उमटवून तिने त्याला आडवं केलं. डावा हात डोक्यावर, उजवा मोकळा.

"मुंगी चावल्यासारखं वाटेल," ती म्हणाली. "दुखलं तर हात वर करा, मी लगेच थांबते. ठरलं?"

डॉक्टर असा काही हसला की शेपटीजवळची रेघ हलली. "अहो मॅडम, हे वाक्य आमचं! आयुष्यभर मी पेशंटला हेच सांगितलं. थांबतंय कोण! त्याचा जीव हात वर करण्यात गुंतला की तेवढ्यात आपलं काम उरकतं. तुम्ही बिनधास्त चालवा, मी काही हात-बीत वर करणारा नाही."

मास्कच्या आत नाटकीचं तोंड थोडा वेळ उघडंच राहिलं. म्हणजे दिसला होता. चारही दिसले होते.

तिने पेडल दाबलं.

टॅटू खालून वर काढत नेतात. सांडलेली शाई पुसत पुढे जावं लागतं. वरून सुरुवात केली तर पुसता पुसता खालचं चित्रच पुसलं जातं. म्हणून आधी शेपूट, मग मागचे पंजे, मग ढुंगण. डॉक्टरने सुरुवातीला गुणगुणून पाहिलं.

"कसं वाटतंय?"

"मुंगी," डॉक्टर म्हणाला.

मागच्या पंजापाशी तो म्हणाला, "मुंगळा असेल." वाघाच्या मांडीपाशी सूर वर गेला, शब्द गळाले. पहिल्या बरगडीवर सुई आली तेव्हा गाणं थांबलं आणि खोलीत फक्त मशीनची घरघर उरली. खाली किल्लीवाला कुणाचं तरी कुलूप ठोकत होता.

आणि हात? हात पोटावर. घट्ट मुठीत, पण पोटावरच.

असा मनस्ताप तिला गिऱ्हाइकाने कधी दिला नव्हता. वर करायलाच तयार नसलेल्या हाताकडे दुर्लक्ष करणार कसं? "दुखत असेल तर सांगा हं," ती म्हणाली.

"छे."

"लाजू नका. हात वर केला तरी चालेल."

"मला फसवता काय," डॉक्टर दातांवर दात ठेवून म्हणाला.

तिने काम चोख ठेवलं. रेघ थरथरलेली तिला स्वतःला खपली नसती. फक्त सावकाश केलं. बरगडीच्या कडेला सुई नेली, बाजूने आणली, पुन्हा नेली. वाघाचा पार्श्वभाग इतका तपशीलवार झाला की खऱ्या वाघाला संकोच वाटला असता. डॉक्टरच्या वरच्या ओठावर घाम साचला. त्याने एक जांभई दिली, मग दुसरी. ओठ पांढरे पडले. घेरी येण्याची ही लक्षणं ती ओळखत होती.

आणि मग हात उठला.

मुठीतून आधी एक बोट सुटलं. मग तळवा उघडला. मग अख्खा हात, कुणी पाहत नाहीये अशी खात्री असल्यासारखा, कसनुसा वर आला.

हाच तो क्षण. नाटकीने दात आवळले आणि ठरवलं, आता नाही थांबायचं.

मशीन बंद होतं. पाऊल पेडलवरून खाली आलं होतं, तिला न विचारता, रोजच्यासारखं. तिने पावलाकडे अशा नजरेने पाहिलं की दुसरं कुणाचं असतं तर मेलं असतं.

"थांबलात?" डॉक्टरने डोळे उघडले. त्याच्या तोंडावर वेदनेपेक्षा आश्चर्य जास्त होतं. "खरंच थांबलात?"

तिने उशी काढून त्याच्या पायांखाली सरकवली, ग्लासात पाण्यात साखर ढवळली आणि ती प्यायला लावली. बेशुद्ध माणूस उचलायला जड जातो. हळूहळू त्याच्या ओठांना रंग आला.

"झकास," तो म्हणाला. "चला आता पुढे."

"नाही."

"म्हणजे?"

"हात वर केलात. थांबले."

"अहो, पण मिनिटभर! कायमचं कोण थांबतं?"

तिने आरसा आणून त्याच्या कुशीशी धरला. कमरेपासून चौथ्या बरगडीपर्यंत एका वाघाचा मागचा अर्धा भाग दिमाखात उभा होता. शेपूट वर. डॉक्टर त्याच्याकडे बघत राहिला.

"हे मी तलावावर दाखवू?"

नाटकीने मास्क खाली ओढला. गालात बोट घालून तिने जबडा उघडला आणि मागची रिकामी जागा दाखवली. मग सगळं सांगितलं. हात, पाय, कापूस, अपेंडिक्स.

"बाई, मला खरंच आठवत नाही," डॉक्टर म्हणाला. "इतकी पोरं यायची."

"मला आठवतं. माझ्या आईला फोन करते. तिला सांगा की मला दुखलं होतं. तिला पटलं, तर जबडा आजच काढून देते."

फोन स्पीकरवर टाकला. डॉक्टरचं नाव ऐकताच आईचा आवाज उठून उभा राहिला. "डॉक्टर! अगंबाई, तुम्ही? हिने काय केलं आता?"

"काही नाही हो. ते तेव्हा दाढेच्या वेळी… तिला दुखलं होतं. नाटक नव्हतं."

"तुम्हालाही गुंडाळलं ना तिने," आई म्हणाली. "साहजिक आहे. तुम्ही मनाने साधे."

"नाही हो, खरंच दुखलं असणार. मलाच आता इथे वाघाचा टॅटू काढून घेताना प्राण कंठाशी आले."

"तुम्हाला? एवढ्याशा सुईने? काहीतरीच काय डॉक्टर. पुरुषासारखे पुरुष तुम्ही, आणि नाटकं कसली करता!"

डॉक्टर ताडकन उठून बसला. नाटकी स्टूल ओढून बसली, हाताची घडी घातली. याला काय वाटतंय ते तिला आतून-बाहेरून ठाऊक होतं आणि ते बघायला तिकीट असतं तर तिने पहिल्या रांगेचं काढलं असतं.

"बाई, शपथेवर सांगतो, दुखतं!"

"हो का," आई म्हणाली. त्या 'हो का'वर नाटकीचं सगळं बालपण गेलं होतं.

डॉक्टर घामाघूम झाला. त्याने एकदा कुशीवरच्या शेपटीकडे पाहिलं आणि गोड बोलण्याची वाट सोडून दिली. "ऐका. तिने हात वर केला असणार, आणि तो मी पाहिलाही असणार. सगळ्यांचेच पाहायचो. इंजेक्शन चढायला वेळ द्यावा लागतो, तो मी देत नसे. बाहेर गर्दी असायची. पोर रडत बाहेर आली की आया भांडायला उठायच्या. म्हणून मी आधीच सांगून टाकायचो, नाटकी आहे. तुमचीच असं नाही. प्रत्येक आईला हेच. सगळ्या आया मान डोलवायच्या."

पलीकडे भांड्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"मीही डोलवली," आई म्हणाली. मग, "कुठली दाढ गं? डावी?"

"उजवी. खालची," नाटकी म्हणाली. तिचा आवाज तिला परका वाटला. हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता.

"आणि अपेंडिक्सच्या वेळी मी फरशी…"

"हो."

आईने नाक ओढलं. पुन्हा बोलली तेव्हा आवाज वेगळाच होता, बाजारात वजनात मारणाऱ्याला पकडल्यावर निघतो तसा. "वाघ कुठवर आलाय त्याचा?"

"वाघाच्या कमरेपर्यंत. मागचं सगळं झालंय. पुढचं व्हायचंय."

"पटलं ना तुम्हाला, बाई?" डॉक्टर आशेने फोनवर वाकला. "म्हणजे आता जबडा…"

"पटलं. अगदी पटलं," आई म्हणाली. "काढू नकोस गं. राहू दे तसाच."

"अहो, ठरलं होतं आमचं!"

"माझा शब्द होता," नाटकी म्हणाली. "पण आई नको म्हणतेय."

"दुसऱ्याकडून काढून घेईन मी!"

"घ्या ना. माझ्या रेघेला रेघ जोडणारा इथे कुणी सापडला तर मलाही कळवा."

तिने मशीनची सुई डब्यात टाकली, हातमोजे बदलले आणि वाघाचं ढुंगण कोमट पाण्याने, एकेक पट्टा जपत, स्वच्छ केलं. त्यावर मलम लावलं, पातळ, सगळीकडे सारखं. वर पारदर्शक पट्टी. पोटच्या पोरीलाही कुणी इतक्या मायेने पट्टी बांधली नसती. आई फोनवर होतीच. ती मध्येच विचारत होती, शेपूट सरळ आहे की वळलेली.

"खपली खाजवू नका," नाटकीने डॉक्टरला शर्टाची बाही धरून दिली. "भरेपर्यंत तलाव बंद. नंतरही उन्हात जाताना क्रीम लावत चला, नाहीतर रंग फिका पडतो. आणि दर वर्षी या, मी पुन्हा गडद करून देईन. फुकट."