डिझेलमामाने मोजलेली सावली

भावापासून लपवून काही करायची ताईला सवय नव्हती, त्यामुळे ते तिला धड जमलंही नाही. सोलरच्या विक्रेत्याला तिने मुद्दाम मंगळवारी बोलावलं होतं, कारण भाऊ जनरेटर बघायला यायचा तो शनिवारी. आणि नेमका त्याच मंगळवारी भाऊ फिल्टर बदलायला हजर झाला. तिघांची गाठ जिन्यात पडली. विक्रेत्याच्या गळ्यात टाय आणि हातात गुळगुळीत पुस्तिका, भावाच्या हातात काळ्या तेलाचा डबा, आणि मधे चोरी पकडल्यासारखी ताई.

"सोलर घेतेस?" भावाने विचारलं.

"बघतेय नुसतं."

"बघ की. मी कुठे तुझे डोळे बांधलेत?"

डबा पायरीवर ठेवून तो उतरून गेला. फिल्टर तसाच राहिला.

ताईचा कारखाना म्हणजे दोन लांबट खोल्या. चौदा शिलाई मशीनं, कापड बेतायचं टेबल आणि तीन इस्त्र्या. शाळांचे गणवेश शिवायचं काम. गल्लीतली वीज दिवसातून दोनदा तरी जायची, आणि गेली की मागच्या बोळातला जनरेटर धडधडायला लागायचा. तो जनरेटर अठरा वर्षं जिवंत ठेवला होता तिच्या या धाकट्या भावाने. एकट्या तिचाच नव्हे, गल्लीतल्या निम्म्या दुकानांचे जनरेटर त्याच्या हातचे. अंगाला कायम डिझेलचा वास, म्हणून कारखान्यातल्या बायकांनी त्याला डिझेलमामा म्हणायला सुरुवात केली, आणि तोही त्या नावाला खुशाल ओ द्यायचा.

पण हल्ली जनरेटरचा धूर खिडकीतून आत यायचा आणि पांढऱ्या सदऱ्यांवर काजळी बसायची. एका शाळेने चाळीस सदरे परत पाठवले, तेव्हा ताईने मनावर घेतलं. भावाला सांगायला मात्र जीभ उचलेना. गल्लीतले तीन जनरेटर त्या वर्षी भंगारात गेले होते, आणि प्रत्येक वेळी भावाचा चेहरा जवळचं माणूस गेल्यासारखा व्हायचा.

चार दिवस त्याचा फोन नाही. ताईने दोनदा नंबर लावला आणि वाजायच्या आत तोडला. शनिवारी सकाळी मात्र तो आला. एका हातात वायरीला चिमटा लावून वीज मोजायचं यंत्र, आणि खिशात वही.

"त्या टायवाल्याने काय लिहून दिलंय ते दाखव."

ताईने कागद दिला. तो त्याने उभ्यानेच वाचला, मग उलटा करून मागची कोरी बाजूही बघितली.

"माप कोणी घेतलं?"

"त्यानेच. आला, इकडेतिकडे बघितलं आणि लिहिलं."

"ताई, तू गिऱ्हाइकाचं माप न घेता सदरा बेततेस का गं?"

ताईच्या छातीवरचा धोंडा उतरला. तिने बेतायच्या टेबलावरचा खडू त्याच्यापुढे सरकवला, आणि तो गच्चीवर गेला.

पंधरा दिवस तो मोजत होता. गच्चीवर पाण्याची मोठी टाकी होती. तिची सावली दर तासाला कुठे पोचते तिथे त्याने खडूने रेघ मारली आणि शेजारी वेळ लिहिली. तीन वाजल्यानंतर सावली बरोबर त्या जागी यायची, जिथे विक्रेत्याने आठ पॅनेलं आखली होती. खाली कारखान्यात तो एकेका मशीनच्या वायरीला चिमटा लावून बसायचा. बायका हसायच्या. "मामा, माझी नाडी बघा, फार जोरात चाललीय!" तो मान वर न करता म्हणायचा, "तुझी नाही गं, तुझ्या मशीनची. ते तुझ्यापेक्षा जास्त खातंय."

आणि ते खरंच निघालं. बाई नुसती दोरा ओवत असली तरी जुन्या मोटारी गरगरत राहायच्या. पाय दाबला तरच वीज घेणाऱ्या नव्या मोटारी बसवल्या तर खर्च निम्म्याच्या खाली येत होता. खरा राक्षस म्हणजे इस्त्री. तिन्ही इस्त्र्या संध्याकाळी चालायच्या, म्हणजे ऊन गेल्यावर, आणि त्यांच्यासाठीच विक्रेत्याने भलीमोठी बॅटरी लिहिली होती.

"इस्त्री दुपारी करायची," भावाने जाहीर केलं. "ऊन डोक्यावर असतं तेव्हा पॅनेलं थेट इस्त्र्या ओढतील. बॅटरी मशीनांना आणि दिव्यांना. मग त्याने सांगितलंय त्याच्या निम्मी पुरे."

इस्त्रीचं काम करणाऱ्या गृहस्थांना सगळे कडक काका म्हणत, त्यांच्या कॉलरींमुळे आणि स्वभावामुळेही. ते खवळले. "वीस वर्षं मी संध्याकाळी इस्त्री करतोय. आता इस्त्रीलासुद्धा मुहूर्त बघायचा?"

"मुहूर्तच समजा. अकरा ते तीन."

"आणि माझी दुपारची झोप?"

"ती संध्याकाळी घ्या. तिला वीज लागत नाही."

बायका इतक्या हसल्या की काकांनाही शेवटी मिशीत हसावं लागलं.

आराखडा तयार झाला, पण तो बसवायचा परवाना भावाकडे नव्हता. त्यासाठी तंत्रशाळेत संध्याकाळचा तीन महिन्यांचा वर्ग होता. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी तो पोरासोरांच्या मधे जाऊन बसला. शिकवणारी मुलगी त्याच्या लेकीच्या वयाची. मोटार, वायरिंग, लोड हे सगळं त्याला तोंडपाठ, त्यामुळे पहिला महिना तो वर्गाचा राजा होता. मग प्रात्यक्षिकात त्याने सवयीने वायरींचा एक जोड वीज चालू असतानाच ओढून काढला आणि त्या मुलीने त्याला सगळ्यांदेखत बाहेर काढलं.

त्या दिवशी तो थेट ताईकडे आला आणि पाणीसुद्धा न पिता बसला.

"मला म्हणते, काका, खऱ्या गच्चीवर असता तर आता नसता. जनरेटरच्या तारेत ठिणगी पडली की विझते. पॅनेलांची ठिणगी विझत नाही, उन्हात धगधगत राहते. आधी बंद करायचं, मग मोजायचं, मगच हात लावायचा. मला! तीस वर्षं हात काळे केलेल्या माणसाला!"

ताईने पाण्याचा पेला पुढे केला. "खोटं बोलली का ती?"

भावाने पेला तोंडाला लावून रिकामा केला. मग म्हणाला, "नाही. खोटं नाही बोलली."

"मग उद्या जा आणि पुढच्या बाकावर बस."

तो गेला. परीक्षा झाली त्याच्या आठवड्याभराने त्याने बेतायच्या टेबलावर एक कागद पालथा टाकला आणि चहा मागितला. ताईने कागद सुलटा केला. वर्गात दुसरा नंबर. पहिला का नाही, असं तिने चिडवायला विचारलं, तर म्हणाला, "पहिला आला त्याचे डोळे चांगले आहेत, बारीक अक्षर वाचता येतं." आणि मग दोघं भावंडं उगाचच मोठ्याने हसत बसली.

पॅनेलं लागली. वहाणांच्या कपाटाएवढी बॅटरी जिन्याखाली बसली. जनरेटर विकला गेला त्या दिवशी भावाने त्यावरून एकदा हात फिरवला आणि टेम्पोवाल्याला म्हणाला, "हळू रे, त्याला धक्का सोसत नाही."

त्यानंतर सहाच आठवड्यांत वीजकेंद्रातलं मोठं रोहित्र जळालं. नवीन यायला तीन दिवस लागतील असं कळलं. शाळा उघडायला चार दिवस होते आणि ताईचे दोनशे दहा गणवेश शिवायचे बाकी होते.

पहिल्या दिवशी काही जाणवलंच नाही. गल्ली बंद, कारखाना चालू. समोरच्या छापखान्याच्या मालकाने घाईघाईत कुणाकडून तरी पॅनेलं बसवून घेतली होती. तो कपाळाला हात लावून आला. "डोक्यावर एवढं ऊन, छतावर पॅनेलं, आणि आत अंधार! फसवलं मला."

"फसवलं नाही, सांगितलं नाही," भाऊ म्हणाला. "तुमच्याकडे बॅटरी नाही. बाहेरची लाइन मेली की तुमचं यंत्र स्वतःच बंद होतं. नाहीतर तुमची वीज तारेत जाईल आणि खांबावर चढलेला माणूस जाईल. यंत्र शहाणं आहे, त्याच्यावर रागवू नका."

दुपारी पलीकडच्या घरातली लेक धावत आली. तिचे वडील म्हातारे मास्तर, गल्लीतल्या निम्म्या लोकांना त्यांनीच पाढे शिकवलेले. त्यांना हवेतून ऑक्सिजन ओढून देणारं यंत्र लागायचं, आणि जोडीला ठेवलेला सिलिंडर संपत आला होता. मास्तरांना खुर्चीसकट उचलून आणलं, कपड्यांच्या गठ्ठ्यांना बाजूला सारून खिडकीपाशी बसवलं. भावाने त्यांच्या यंत्राला वेगळी लाइन काढून दिली आणि त्या बटणावर चिकटपट्टी लावली. वर लिहिलं, 'हात लावाल तर याद राखा'.

दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं. पाऊस नाही, नुसतं राखाडी छप्पर. पॅनेलांतून जेमतेम धार येत होती. कडक काका अकरा वाजता हजर झाले आणि तीनपर्यंत थंड इस्त्रीसमोर हात चोळत बसले. पाच वाजता भावाने ताईला जिन्याखाली बोलावलं. बॅटरीवरचा आकडा चाळीस टक्क्यांवर आला होता.

"संध्याकाळची तीन तासांची पाळी चालवलीस तर बॅटरी तळाला जाईल," तो हळू आवाजात म्हणाला. "मग मास्तरांचं यंत्र सकाळपर्यंत टिकणार नाही. मशीनं आत्ता बंद केलीस तर आरामात टिकेल. उद्या ऊन पडेलच याचा मी शब्द देत नाही. कारखाना तुझा आहे, ताई."

ऐंशी गणवेश बाकी होते. ताई वर गेली आणि तिने मशीनांचं मुख्य बटण स्वतः बंद केलं. बायका चपापल्या.

"आजचं काम झालं," ती म्हणाली. "उद्या उजाडताच या. बटणं, काजं, हातशिलाई, जे विजेशिवाय होतं ते सोबत न्या."

कुणी का म्हणून विचारलं नाही. खिडकीपाशी मास्तर बसले होते, सगळ्यांना दिसत होते. सर्वांत थोरली शिवणकरीण गठ्ठा काखेला मारत म्हणाली, "मास्तर, सतराचा पाढा अजून येत नाही मला, तुम्ही बरे राहा, परत शिकवायचाय." मास्तर नळीतूनच हसले.

सकाळी आकडा बारावर होता आणि मास्तर जागे होते, चहा मागत होते. आठपर्यंत आभाळ तसंच. बायकांनी आपणहून पंखे बंद केले. घाम पुसत, कापडावर थेंब पडू न देता त्या हातानेच शिवत राहिल्या. साडेदहाला ढगांना भोक पडलं. आधी गच्चीचा एक कोपरा उजळला, मग सगळी गच्ची. भाऊ जिन्यातून ओरडला, "काका, मुहूर्त!" आणि मशीनं सुरू झाली, तिन्ही इस्त्र्या एकदम तापल्या. कडक काकांनी त्या दिवशी जेवणाचा डबा उघडला तो चार वाजता. शेवटचा गठ्ठा त्यांनी बांधला तेव्हा कॉलर एकही वाकडी नव्हती. गणवेश वेळेवर पोचले. वीज आली त्याच्या दुसऱ्या दिवशी.

मग लोक यायला लागले. बेकरीवाला, दातांची डॉक्टरीण, छापखान्याचा मालक. सगळे ताईला विचारायचे की कुठल्या कंपनीचं आहे. ती जिन्याकडे बोट दाखवायची. भाऊ गच्चीवर त्यांना घेऊन बसायचा. पहिल्या दिवशी दोघं होते, रविवारी सतरा. गरज नसताना त्याने कुणाला मोठी बॅटरी विकली नाही, आणि ज्याला गरज होती त्याला छोटीवर भागवू दिलं नाही. ताई पायरीवर भाजी निवडत ऐकत राहायची. आपला भाऊ इतका बोलतो हे तिला या वयात कळत होतं.

काम एकट्याला आवरेना, तेव्हा त्याने गल्लीच्या तीन जुन्या जनरेटर मिस्त्रींना गाठलं. धंदा बसल्यामुळे एक रखवाली करत होता, दुसरा घरीच होता, तिसऱ्याने तर हत्यारंसुद्धा विकली होती. तिघांना त्याने त्याच वर्गात, त्याच मुलीकडे पाठवलं, आणि बजावलं, "ती बाहेर काढेल. काढलं की दुसऱ्या दिवशी परत जायचं."

थंडीच्या सुरुवातीला ताई बाजारातून येत होती. बेकरीच्या छतावर चार माणसं होती, चौघांच्या कमरेला दोर, चौघांचे केस पांढरे. एकाने दोर न अडकवता पाऊल टाकलं असावं, कारण वरून असा काही आवाज घुमला की पाव घ्यायला आलेली माणसं माना वर करून बघायला लागली.

"कोण हो ते एवढं ओरडतंय?" एका नव्या बाईने विचारलं.

ताईने पिशवी खाली ठेवली. उन्हाला हात आडवा धरला, वर नीट बघितलं.

"माझा धाकटा भाऊ," ती म्हणाली. आणि त्या बाईने पुढे काहीच विचारलं नव्हतं, तरी तिला सगळं पहिल्यापासून सांगायला लागली.