चौथी खुंटी

दयारामने छत्रीच्या काडीचं वाकवलेलं टोक कुलपात घातलं, करंगळीने त्यावर जरासा भार दिला आणि डोळे मिटले. दुसऱ्या हातातली पोलादी पट्टी त्याने अलगद आत सरकवली. पहिली खुंटी उचलली गेली. मग दुसरी. तिसरीने थोडे आढेवेढे घेतले आणि टिक् करून जागेवर बसली. चौथी हललीच नाही.

"झोपला का बे?" झुंबरमावशीने विचारलं.

दयाराम तिचा भाचा. मलकापूरच्या शाळेत तो विज्ञान शिकवायचा आणि दिवाळीच्या सुटीत वरवट बकालला मावशीकडे आला होता. चाबीशिवाय कुलपं उघडण्याचा छंद त्याला कॉलेजात लागला होता. भंगारातून जमवलेली सतरा कुलपं त्याच्या ट्रंकेत होती, त्यांपैकी पंधरा त्याने जिंकली होती आणि उरलेल्या दोघांबद्दल त्याच्या मनात आदर होता. एवढा खर्च करून पोरगा बी.एस्सी. झाला आणि शिकला काय, तर घरफोडी, असं मावशी आल्यागेल्याला सांगायची. आज मात्र तीच त्याचा हात धरून त्याला शेजारी उकंडरावांच्या घरी घेऊन आली होती.

उकंडरावांच्या मधल्या खोलीत खामगावहून आणलेलं लोखंडी कपाट होतं. दारातच बसवलेलं, पाच खुंट्यांचं कुलूप. आत त्यांच्या मुलीचं, सिंधूचं, मॅट्रिकचं प्रमाणपत्र होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बुलढाण्याला अध्यापिका विद्यालयात तिची मुलाखत होती. मूळ प्रमाणपत्र सोबत नसेल तर नाव पुकारलं जाणार नाही, असं पत्रात स्वच्छ लिहिलं होतं. त्यासाठी दोनची एस.टी. गाठायला हवी होती. आता सव्वाअकरा वाजले होते. लोहार शेगावला गेलेला, आणि दार एवढं जाड की पहारीला दाद देत नव्हतं.

चाबी विहिरीत पडली, असं उकंडरावांनी काल संध्याकाळी सांगितलं होतं. अंघोळ करताना करदोट्यातून निसटली म्हणे. त्यावर कोणाचाही विश्वास बसला नव्हता. महिनाभरापूर्वी त्यांनी पारावर, चार माणसांसमोर, आपल्या घरची पोर नोकरीला जाणार नाही असं जाहीर केलं होतं. आता ते खाटेवर बसून अडकित्त्याने सुपारी कातरत होते आणि कपाटाकडे मुद्दाम पाहत नव्हते. सिंधू त्यांच्याशी बोलत नव्हती. तिची आई, रुखमाबाई, चुलीशी उगाच भांडी आपटत होती.

"मासोळीनं गिळली असन चाबी," झुंबरमावशी खाटेकडे पाहून म्हणाली. अडकित्ता क्षणभर थांबला, पुन्हा सुरू झाला.

दयारामने काडीवरचा भार कमी केला, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. कुलपाच्या पोटात प्रत्येक खुंटीच्या डोक्यावर एक बारीक स्प्रिंग असते. सगळ्या खुंट्या नेमक्या उंचीवर आल्या की आतला दंडगोल फिरतो. काडीने त्याला थोडा ताण दिला की एका वेळी एकच खुंटी अडते. ती सोडवायची आणि पुढची शोधायची. इथे तीन सुटत होत्या आणि चौथी दगडासारखी उभी होती. ताण जास्त झाला असेल म्हणून त्याने तो निम्मा केला. मग त्याहून निम्मा. अर्धा तास गेला.

शेवटी त्याने काडी पूर्ण काढून घेतली आणि नुसत्या पट्टीने एकेक खुंटी दाबून पाहिली. ताण नसताना चांगली खुंटी बोटाला उलट ढकलते. पहिल्या तिघींनी ढकललं. चौथीने नाही.

हे आधीच करायला हवं होतं, असं तो स्वतःशीच पुटपुटला. चूक त्याच्या हाताची नव्हतीच. खुंटी चिकटली होती.

कुलपात तेल कधी घातलं होतं, असं त्याने उकंडरावांना विचारलं. ते दरवर्षी दसऱ्याला घालत. जवसाचं, घाण्यावरून आणलेलं, एकदम शुद्ध.

"अन् पूजा?"

"मंग? लोखंड हाये ते," उकंडराव म्हणाले. "नांगराची करायची, विळ्याची करायची, अन् कपाटाची नाही? कुंकू वाहतो, हळद वाहतो."

"कुठं वाहता, काकाजी?"

उकंडरावांनी अडकित्त्याच्या टोकाने चाबीचं भोक दाखवलं.

दयारामला हसू आवरेना. जवसाचं तेल हवेत सुकतं आणि रोगणासारखं घट्ट होतं, हे तो दरवर्षी नववीच्या वर्गाला शिकवत असे. त्यात कुंकू कालवून सात-आठ दसरे ते या कुलपात भरलं गेलं होतं. त्याने रुखमाबाईंकडून घासलेट मागून घेतलं, कापसाच्या बोळ्याने थेंब थेंब आत सोडलं आणि वाट पाहिली. थोड्या वेळाने दाराच्या निळ्या रंगावरून एक लाल ओघळ खाली आला.

"पाय वं रुखमा, पान खाऊन थुकून राह्यलं तुहं कपाट," मावशी म्हणाली, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा सिंधू हसली.

चौथी खुंटी मोकळी झाली. पण पट्टी आणखी आत सारल्यावर टोक कशावर तरी खट्कन आपटलं. हा मळ नव्हता. मळ असा आवाज करत नाही. त्याने सिंधूला आरसा घेऊन अंगणात उभं राहायला सांगितलं. तिने दोन-तीनदा चुकत, एकदा मावशीच्या डोळ्यांवर कवडसा मारत, शेवटी ऊन नेमकं कुलपावर आणलं. दयारामने एक डोळा मिटून आत पाहिलं.

आत, अगदी तळाशी, काहीतरी पिवळं चमकलं.

त्याने पुन्हा पाहिलं. तो चाबीचा शेंडा होता. वरच्या कडेला कुंकवाचा राप होता, पण मोडलेली बाजू लख्ख होती. तिच्यावर ना कुंकू, ना काळपटपणा. दसरा होऊन पंधरा दिवस झाले होते. हे पितळ दोन दिवसांपूर्वी मोडलं असेल, फार तर तीन. आणि मोडलं होतं ते उघडायच्या दिशेला पिळताना.

खोलीत अडकित्त्याचा आवाज येत नव्हता. दयारामने मान वळवली. उकंडराव खाली, स्वतःच्या पायांच्या बोटांकडे पाहत होते.

"काय हाये आत?" मावशीने विचारलं.

"खडा हाये, मावशी."

"एवढा मोठा? दिसते तं?"

"बारीकच हाये. पण वाईट जागी बसला."

बारीक करवतीच्या पात्याचा एक तुकडा त्याच्या पिशवीत होता. तो त्याने त्या शेंड्याच्या कडेने आत सारला, पात्याचे दात त्यात रुतवले आणि ओढला. पातं रिकामंच बाहेर आलं. पुन्हा. कधी गव्हाच्या दाण्याएवढा शेंडा पुढे सरकायचा, कधी पुन्हा मागे जायचा. रुखमाबाईंनी भाकरी बांधून दाराशी ठेवली. सिंधूने आरसा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला, पण कवडसा हलू दिला नाही. एक वाजून गेला होता तेव्हा तो तुकडा कुलपाच्या ओठाशी आला. दयारामने तो चिमटीत धरला आणि तशीच मूठ मिटून खिशात घातली.

त्यानंतर कुलपाला फारसं काही सांगावं लागलं नाही. पाच खुंट्या ओळीने बसल्या, काडी फिरली आणि कपाट करकरत उघडलं. मावशीने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की हा भाचा लहानपणी तिच्याच मांडीवर वाढला.

सिंधूने कापडी पिशवीतून प्रमाणपत्र काढलं, दोन्ही बाजू पाहिल्या, पदराने पुसलं. मग ती खाटेपाशी गेली आणि वडिलांच्या पाया पडली.

"बाबा, तुमची विहीर लई खोल निघाली," ती उठताना म्हणाली.

उकंडरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि एस.टी. कोणासाठी थांबत नाही एवढंच सांगितलं. तिघी बाया स्टँडकडे निघाल्या. गल्लीच्या टोकापर्यंत मावशीचा आवाज येत राहिला.

दयाराम आपल्या पट्ट्या पुसून कापडात गुंडाळू लागला. उकंडराव उठले, दाराशी जाऊन बाहेर पाहिलं आणि परत आले.

"खडा पाहू."

दयारामने तो त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून मोडकी चाबी काढली आणि दोन्ही तुकडे एकमेकांना लावले. बरोबर जुळले.

"दोघी नदीवर धुणं घेऊन गेल्या होत्या तवा," ते म्हणाले. "कागद गुपचूप तिच्या पिशवीत टाकावा म्हटलं. लई पिळली."

दयाराम पट्ट्यांचं कापड बांधत राहिला.

"याच्यावरून नवी होईन?"

"होईन, काकाजी. मलकापुरात ओळखीचा कारागीर हाये. या शनिवारी घेऊन येतो."

त्यांनी दोन्ही तुकडे रुमालात बांधून त्याच्या हातात दिले. मग बोळा घेऊन ते दारावरचा लाल ओघळ पुसायला बसले.

"दोन आणजो," ते पाठमोरेच म्हणाले.

"दोन काऊन?"

"सुटीत पोरगी घरी येईन अन् मी वावरात असन. मंग काय, माही वाट पाहत बसन?"