शितलसाठी निवडलेला गेम

सकाळी अकरा वाजून सतरा मिनिटांनी भूकंपाचा धक्का बसला. फेब्रुवारी २०१९ मधला गुरुवार होता. उधव्याजवळच्या पाड्यावर हिरूच्या घरात त्या वेळी चार माणसं होती. रात्रपाळी करून आलेला हिरू, चुलीपाशी बसलेली त्याची बायको भिकी आणि दारात तांदूळ निवडणारी म्हातारी सोनीबाई, ही तिघं अंगणात आली. चौथी, आठ वर्षांची शितल, आली नाही.

सहा-सात सेकंदांचाच खेळ. कौलं सरकली, दोन खाली आली. भिकी परत आत धावली तेव्हा पोरगी मधल्या खांबाला टेकून मांडी घालून बसली होती, हातात मोबाईल. फुटलेलं कौल तिच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर पडलं होतं. भिकीने तिला दंडाला धरून ओढत बाहेर आणलं.

"कळलं नाय तुला? घर हाललं ना!"

"मोबाईल हालला," शितल म्हणाली, आणि अंगणातच खाली बसून तिने अर्धा राहिलेला डाव पुढे चालू केला.

पाऊण वाजता भिकी उधव्याच्या नाक्यावर निलमच्या दुकानात उभी होती. मोबाईल तिने काउंटरवर ठेवला नाही, निलमच्या पुढ्यात सरकवला.

"हा गेम तूच भरून दिलेलास," एवढंच म्हणाली.

निलमने भरून दिला होता, हे खरंच होतं. निलम त्याच पाड्यावरची. डहाणूला आयटीआय करून तिने नाक्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात अर्धं काउंटर भाड्याने घेतलं होतं. काच बदलणं, चार्जिंगची पिन बदलणं, मेमरी कार्डात गाणी भरणं, ही रोजची कामं. पण तिचं नाव झालं होतं ते गेममुळे. कुणी आला आणि म्हणाला, "एखादा गेम टाक गो," तर ती लगेच टाकत नसे. तीन गोष्टी विचारायची. खेळणार कोण? कुठं बसून? आणि खेळायला बसण्याआधी काय करून आलेला असतो?

जीपवाला शुक्रा तिला चिडवायचा, "निलमबाय, गेम देतेस का औषध? नाडीपण बघ एकदा."

"नाडी नको, तुझी जीप बघितलीय. नऊ शिटं भरल्याशिवाय हलत नाय. तुला एक एक सोंगटी मारायचा कॅरम बरा. शिट आलं की मोबाईल खिशात."

तलासरीपर्यंतचे जीपवाले मग कॅरमच मागू लागले. नव्याने लग्न झालेल्यांना ती लुडो द्यायची, तोही एकाच मोबाईलवर, म्हणजे दोन डोकी जवळ येतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतले विष्णू गुरुजी बायकोला घेऊन महिनाभर दवाखान्याच्या बाकावर बसत होते. त्यांना तिने आवाज नसलेला, हरणं-जिंकणं नसलेला, रंगीत तुकडे जुळवायचा गेम दिला. गुरुजींनी नंतर सांगितलं की त्या महिन्यात त्यांच्या डोक्याला दुसरा आराम नव्हता.

चूक एकदाच झाली होती. चिंचणीच्या बोटीवर खलाशी म्हणून जाणाऱ्या चैत्याला तिने मोबाईल डावीकडे-उजवीकडे कलवून चालवायचा गाडीचा गेम दिला. आठ दिवसांनी चैत्या परत आला. "अगं, बोट डुलली की तुझी गाडी जाते खड्ड्यात. मी हात हालवलाच नाय! सगळे खलाशी हसतात, म्हणतात चैत्याला जमिनीवरपण गाडी चालवायला येत नाय." तेव्हापासून 'कुठं बसून' हा प्रश्न ती पहिला विचारू लागली.

नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीत जमीन हलायला लागली. आधी खालून तोफेसारखा आवाज, मग धक्का. कधी दिवसात एक, कधी चार. सरकारने तंबू दिले, लोक अंगणात झोपू लागले, शाळा झाडाखाली भरू लागली. सोनीबाई म्हणायची, "माझ्या सासूने जेवढं उठवलं नाय, तेवढं या जमिनीनं उठवलं." लोक हसत आणि परत कान जमिनीकडे लावत.

शितल हसत नव्हती. डिसेंबरमधल्या एका धक्क्यानंतर ती छपराखाली जायला तयार होईना. घर नको, तंबूही नको. डोक्यावर काहीच नको. जेवायला अंगणात, झोपायला उघड्यावर, चटईभोवती आई कितीही गोधड्या लावो. जानेवारीच्या थंडीत खोकला छातीत उतरला. आरोग्य केंद्रातले डॉक्टर म्हणाले, पोरीला दवात ठेवू नका, नाहीतर पुढच्या वेळी दाखल करावं लागेल.

तेव्हा भिकी पहिल्यांदा आली होती. "निलम, असा गेम दे की ती आत बसेल. खेळण्याच्या नादात तरी."

निलमने तिन्ही प्रश्न विचारले. आधी तळ्यात मासे पाळायचा गेम दिला; शांत, निळा, मंद गाण्याचा. शितल तंबूच्या तोंडाशी बसून दोन दिवस खेळली. तिसऱ्या दिवशी रस्त्यावरून वाळूचा डंपर गेला, तशी मोबाईल फेकून बाहेर पळाली. काचेला तडा गेला.

काच बदलताना निलमने बराच विचार केला. पोरगी हलण्याला भीत नाही, असं तिला वाटलं. न विचारता हलण्याला भिते. मग हलवणं तिच्याच हातात दिलं तर? तिने ठोकळ्यांचा गेम शोधला. एकावर एक ठोकळे रचून मनोरा उभा करायचा आणि वाटेल तेव्हा बोट दाबून पाडायचा. मनोरा जेवढा उंच, तेवढा पडताना मोबाईल हातात जास्त थरथरणार. आवाज मात्र तिने बंद करून दिला. थरथर पूर्ण चालू ठेवली. मुद्दाम.

पहिल्या दिवशी शितलने मनोरा पाडून मोबाईल खाली टाकला. मग उचलला. परत पाडला. संध्याकाळपर्यंत ती सोनीबाईला दाखवत होती, "आजी, आता बघ, मी हालवते." आठवड्याने ती तंबूत झोपली. पंधरा दिवसांनी दिवसाढवळ्या घरात जाऊन खांबाला टेकून बसू लागली. खोकला गेला. भिकीने निलमच्या घरी वालाच्या शेंगा पाठवल्या. पाड्यावरच्या बायका म्हणू लागल्या, "भिकीच्या पोरीचा गेम दे." निलमने तो आणखी आठ मोबाईलवर भरला. तिला बरं वाटलं होतं, आणि तिने ते लपवलंही नव्हतं.

आता भिकी समोर उभी होती आणि निलमला एकच गोष्ट दिसत होती. 'कुठं बसून' हे तिने विचारलं होतं. भिकीने उत्तर दिलं होतं, घरात. आणि घर ही चैत्याची बोट होती, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"वहिनी, थरथर बंद करून देते," ती म्हणाली. "दोन मिनिटांचं काम आहे. मग मोबाईल हलणार नाय. हललं तर घरच."

निलमने थरथर बंद केली. भिकी मोबाईल घेऊन गेली.

निलमने त्याच दिवशी बाकीच्या आठ जणांना निरोप धाडले. शनिवारपर्यंत सहा मोबाईल आले. त्यांतून तिने गेम काढला. सातवा वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबाबरोबर भिवंडीकडे होता, होळीला परत येणार होता. आठवा आला, पण त्याच्या मालकिणीने सांगितलं, "माझ्या पोरांनी तो शेजारच्यांना पाठवला. त्यांनी पुढं." किती जणांना, तिला माहीत नव्हतं. तिलाच काय, कुणालाच नव्हतं.

रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला लहानसा धक्का बसला. निलम स्वतः अंगणात पळाली आणि तशीच चालत हिरूच्या घरी गेली. भिकी दारात उभी होती.

"नाय आली," भिकी म्हणाली. "मोबाईल हातात नव्हताच. चुलीजवळ बसलेली. मी ओरडले, तरी बघत बसली."

निलम आत गेली. शितल विस्तवापुढे शेकत होती.

"शितल, हे मोबाईलचं नव्हतं. कळलं का?"

"कळलं. घर हाललं."

"मग पळाली का नाहीस?"

शितलने तिच्याकडे नीट पाहिलं, मोठ्या माणसाला समजावून सांगावं तसं. "पडलं तर परत रचायचं ना."

निलम बाहेर येऊन दगडावर बसली. भिकी शेजारी उकिडवी बसली.

"तू पोरांचे मूड बघून गेम देतेस," भिकी म्हणाली. "मग आता भीती लावणारा दे."

"वहिनी, काय बोलतेस?"

"बरोबर बोलते. डिसेंबरात भीत होती तेव्हा मी रडत होते. आता भीत नाय तर जास्त रडते. तेव्हा निदान पळायची. भीती काढलीस ना तू? मग घाल परत. थोडीच. पळण्यापुरती."

निलमने त्या दिवशी दुकान उघडलं नाही. घरी बसून तिने एकामागून एक गेम बघितले. अंधाऱ्या घरात भूत मागं लागणारा. पूर येणारा, उंचावर पळायचा. आग लागलेल्या इमारतीतून माणसं काढायचा. प्रत्येक गेममध्ये मेल्यावर पुन्हा सुरू करायचं बटण होतं. बटण नसलेला गेम तिला सापडला नाही. तिच्या लक्षात आलं, की असा गेम कुणी विकत घेणारच नाही, म्हणून कुणी करतही नसणार.

सोमवारी ती विष्णू गुरुजींकडे गेली. गुरुजी म्हणाले, "मोबाईल सोड. आपण सराव घेऊ. शिट्टी वाजली की पोरांनी घराबाहेर पळायचं. पहिला येईल त्याला गोळी."

मंगळवारी दुपारी पाड्यावरची एकवीस पोरं आपापल्या घरात बसवली. गुरुजींनी शिट्टी फुंकली. शितल सगळ्यांत पहिली बाहेर आली. दुसऱ्यांदाही पहिली. तिसऱ्यांदा शेजारचा चिमण तिच्या आधी पोचला तर त्याच्याशी भांडली, "तू उंबऱ्यावरच बसलेलास! चिटिंग!"

गुरुजी खूश झाले. "बघ, झालं की नाही?"

"गुरुजी," निलम म्हणाली, "धक्क्याच्या आधी शिट्टी कोण वाजवणार?"

गुरुजींनी शिट्टी खिशात ठेवली. पोरं गोळ्यांसाठी गलका करत होती.

शुक्रवारी, मार्चच्या पहिल्या तारखेला, निलमने भिकीच्या सांगण्यावरून मोबाईलमधून गेम काढून टाकला. शितल रडेल, हट्ट करेल, असं दोघींना वाटलं होतं. तिने विचारलंसुद्धा नाही. अंगणात पडलेल्या कौलांच्या खापऱ्या घेऊन ती एकावर एक रचू लागली. सात खापऱ्या उभ्या राहिल्या. आठवीला डोलारा कोसळला. एक खापरी तिच्या पायावर पडली आणि अंगठ्याला रक्त आलं. तिने अंगठा तोंडात घातला, मग पुन्हा पहिली खापरी ठेवली.

"लागलं ना?" निलमने विचारलं.

"लागलं."

"मग?"

"मग काय?" शितल म्हणाली.

हिरूने घराची कौलं उतरवून वर ताडपत्री घालायचं ठरवलं. ताडपत्रीने कुणाचं डोकं फुटत नाही. पण भिंती होत्याच, आणि कुडाच्या भिंतींखाली दगडी जोतं होतं. तो आठवडाभर रात्रपाळी करून दुपारी छपरावर चढत होता. अर्धं छप्पर उतरलं. उरलेलं शितलच्या खांबावरचं होतं. सोनीबाईने तो खांब शेणाने सारवून त्याला हळद-कुंकू लावलं आणि खाली तांदळाची रास घातली, म्हणजे पोरगी तिथे बसणार नाही. शितल रास ओलांडून पलीकडे बसू लागली.

दुकानात गेम मागणारे येतच होते. शुक्रा एकदा म्हणाला, "कॅरमचा कंटाळा आला, दुसरं काहीतरी टाक. तुझ्या मनाने."

"तूच सांग कुठला," निलम म्हणाली.

"अगं, मला कळत असतं तर तुझ्याकडे आलो असतो का?"

"नाव सांग, टाकते. माझ्या मनाने नाय टाकणार." शुक्रा काही न घेता गेला.

मंगळवार, १२ मार्च. दुपारी तीन वाजून बावन्न मिनिटांनी धक्का बसला, फेब्रुवारीतल्या त्या गुरुवारच्या धक्क्यापेक्षा मोठा. झेरॉक्सच्या यंत्रावरचे कागद खाली सांडले. निलम रस्त्यावर आली आणि तिने हिरूला फोन लावला. दोनदा लागला नाही. चार वाजून चार मिनिटांनी हिरूने उचलला.

"सगळे बाहेर?"

"सगळे बाहेर. मधला खांब कलला, उरलेली कौलं गेली. कुणाला लागलं नाय."

"शितल?"

"बाहेर आहे."

"पळत आली?"

हिरूच्या मागे सोनीबाईचा आवाज येत होता, आणि एक शेळी ओरडत होती. "तसं नाय," तो म्हणाला. "शेळी सुटलेली, ती आणायला भिकीनं तिला आधीच ओढ्याकडे धाडलेलं. धक्का बसला तेव्हा ती घरात नव्हतीच."

त्यानंतर शनिवारपर्यंत, म्हणजे १६ मार्चपर्यंत, उधव्याला जाणवेल असा धक्का बसलेला नाही. हिरूने कललेला खांब दोरांनी ताणून धरला आहे. शितल दिवसा त्याच खोलीत बसते.