धुक्यातल्या हाका

गोरे साहेब गेले, पण त्यांच्या जागी स्वराज्य आलं नाही, मंडळ आलं. लोणावळ्याच्या टेकडीवरच्या बंगल्यांत बसून मंडळाची माणसं साऱ्या मावळाचा कारभार हाकत. टाकवे बुद्रुकच्या चावडीवर एक पितळी कर्णा बसवला होता, त्यातून रोज सकाळी हुकूम ऐकू येत. लोकांना त्या आवाजाची इतकी सवय झाली होती, की एखाद्या दिवशी कर्णा गप्प राहिला तर कोंबड्यासुद्धा बावरत.

एका आषाढात हुकूम आला, की यापुढं जन्मणाऱ्या पोरांना घरोघर नावं ठेवायची नाहीत. सगळ्या मुली ‘कन्या’, सगळे मुलगे ‘सेवक’. जो बारसं करील तो कुसगावच्या मौनछावणीत जाईल. मोठ्यांनी आपापली नावं मरेपर्यंत वापरावीत.

त्याच महिन्यात भिमाजीला मुलगी झाली. त्याची थोरली बहीण नंदाबाई, नवरा वारल्यापासून भावाकडंच राहत होती. बाराव्या दिवशी भिमाजी शेतावर गेलेला पाहून त्याची बायको सरुबाई अंथरुणातून उठली, उखळात भात ओतला आणि मुसळ हाती घेतलं.

“अगं, ओली बाळंतीण तू,” नंदाबाई म्हणाली.

“मी कांडते, वन्सं. ह्या आवाजात भाईर काय ऐकू जायचं न्हाई. आत्या हायसा, तुमचं काम तुमी उरका.”

मुसळाच्या दणक्यांत नंदाबाई झोळीवर वाकली. नाव तिनं ठरवलंच नव्हतं. पोरीच्या कानाशी ओठ नेले आणि ते आपसूक आलं, झोपेत कुणी सांगावं तसं. “कुर्रर्र... सगुणा.”

भिमाजीला दोघींनी काही सांगितलं नाही. त्याचा एक सोबती छावणीत गेला होता आणि परतला नव्हता. तेव्हापासून चावडीवरून जाताना भिमाजीची मान आपोआप खाली जाई. पोरगी मोठी होत गेली. रोज वेणी घालताना नंदाबाई तिच्या कानात नाव सांगे आणि वर बजावे, “ही तुजी-माजी गंमत. कुनाला बोलायचं न्हाई.” पोरगी मान डोलावे. बाहेर तिला सगळे कन्या म्हणत, शेजारच्या पोरीलाही कन्या, पाणवठ्यावरच्या पोरीलाही कन्या. संध्याकाळी कुणी दारातून हाक मारली, की आळीतल्या तिच्या वयाच्या साऱ्या पोरी खेळ टाकून उभ्या राहत आणि मग हळूहळू पुन्हा खाली बसत.

ती चार वर्षांची झाली त्या श्रावणात मंडळाच्या घोड्यांसाठी गवत कापायची वेठ आली. गावातल्या बाया पोराटोरांसह पठारावर चढल्या. देखरेखीला सोपान होता. गावचाच पोरगा, आता मंडळाचा पहारेकरी. गळ्यात शिट्टी, डोक्याला पागोट्याऐवजी टोपी.

दुपारी धुकं आलं. पुढं धरलेला विळा दिसेना. बाया एकमेकींच्या बांगड्यांच्या आवाजानं जवळ आल्या, पोरं पदराशी घेतली. सरुबाईनं हात फिरवून पाहिला. तिची पोरगी नव्हती.

पलीकडं कडा होता.

सोपान ओरडला, “कन्याऽऽ!”

“ओऽऽ!” चारी बाजूंनी पोरींचे आवाज आले.

“तुमी न्हवं! ती दुसरी! कन्याऽऽ!”

“ओऽऽ!”

इतक्या जणी ओ देतायत म्हटल्यावर ही हाक आपल्यालाच आहे हे पोरीला कसं कळणार, ते नंदाबाईच्या ध्यानात आलं. तिनं विळा गवतात ठेवला. घशापाशी काहीतरी मोकळं झाल्यासारखं वाटलं.

“सगुणाऽऽ!”

सगळं चिडीचूप झालं.

“मावशी, काय करतायसा?” सोपानचा आवाज जवळून आला. “गप ऱ्हावा!”

“सगुणाऽऽ!”

आणि लांबून, धुक्याच्या पोटातून, “आत्या, मी हितं हाय.”

“हालू नगंस! बोलत ऱ्हा!”

“आत्या, खाली सगळा कापूस पसरलाय. मी त्याच्यावर चालाया निगालते.”

नंदाबाई हाका मारत, पायानं दगड चाचपत गेली. कारवीच्या झुडपाशी पोरगी उभी होती आणि तिच्या पायापुढं दरी धुक्यानं काठोकाठ भरलेली, सारवलेल्या अंगणासारखी सपाट. नंदाबाईनं तिला ओढून पोटाशी धरलं. क्षणभर तिला स्वतःलाही त्या पांढऱ्या अंगणात उतरावंसं वाटलं.

मागं वळली तेव्हा तिला आवाज ऐकू आले. आधी एक, अगदी हलका, “ठकू...” मग “बायजा गं...” मग “म्हाळू, माज्या राजा...” पोरं आयांच्या कुशीतच होती, हरवलं कुणीच नव्हतं. तरी बाया हाका मारत होत्या. घरोघर मुसळं वाजली होती तर! कोण बोलतंय ते धुक्यात दिसत नव्हतं; नुसती नावं तरंगत होती आणि पोरं खुदुखुदु हसत ओ देत होती.

सोपाननं शिट्टी तोंडाला लावली होती. ती वाजली नाही.

धुकं विरलं तेव्हा सगळ्या बाया मुकाट्यानं गवत कापत होत्या. सोपान नंदाबाईजवळ आला, तिच्याकडं न बघता म्हणाला, “मावशी, समद्यांचं मला काय ठावं न्हाई. पर तुमची हाक पार खाली चावडीपातूर गेलीया.”

“व्हय,” ती म्हणाली. “चल, येते.”

कुसगावच्या छावणीत ती दोन पावसाळे होती. तिथं दगड फोडायचे आणि बोलायचं नाही. ओठ हलले तरी पाणी बंद. पहिल्या पहिल्यांदा ती मनात गाणी म्हणे. पुढं तीही विरली आणि आत नुसतं पांढरं पसरलं. ते तिला वाईट वाटत नसे.

सुटली तेव्हा भिमाजी बैलगाडी घेऊन आला होता. एरवी चार शब्दांचा धनी, तो त्या दिवशी वाटभर बोलत राहिला. गाय व्याली, आंब्याची फांदी मोडली, सोपाननं मंडळाची नोकरी सोडली. मग बैलांकडं बघत म्हणाला, “आक्का, मला तवाच सांगायचं हुतंस. मी काय परका व्हतो?”

तिला उत्तर द्यायचं होतं. घसा हलला, आवाज आला नाही. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि गाव येईस्तोवर तसाच राहू दिला.

दारात सरुबाई तिच्या गळ्यात पडून रडली. उंच झालेली पोरगी खांबाआडून बघत होती. तिनं आत्याला ओळखलं की नाही, कळलं नाही. मग ती आत गेली, भाजलेलं कणीस घेऊन आली आणि नंदाबाईशेजारी बसली. दाणे सोलून एक आपल्या तोंडात, एक आत्याच्या तळहातावर. चावडीवरचा कर्णा काहीतरी सांगत होता. दोघी दाणे खात राहिल्या.