बाईची नर्सरी

रोज पूजा आटोपली की मी सासूबाईंना पोथीचा एक अध्याय वाचून दाखवते. सहा वर्षांपूर्वी त्यांची नजर गेली, तेव्हापासूनचा हा माझा नेम. अट एकच, लिहिलंय तसं वाचायचं. मनाचा शब्द घालायचा नाही.

माझ्या मुलाला, वैभवला, हे ठाऊक आहे. तरी उद्घाटनाच्या सकाळी तो हळूच म्हणाला, "आई, आजीनं विचारलं तं सांगून देजो, बोर्डावर तिचं नाव आहे म्हणून."

सौंसरच्या रस्त्यावर आमची संत्र्याच्या कलमांची नर्सरी होती. तिथं आता वैभवचं गार्डन सेंटर झालंय. बंगल्यांचे लॉन लावून देतो तो. बोर्डावर लिहिलं होतं, 'कै. नत्थूजींनी १९८४ साली स्वकष्टाने उभारलेली नर्सरी'.

नत्थूजी म्हणजे माझे सासरे. कापसाची दलाली करायचे. स्वकष्ट म्हणे. जंबेरी लिंबाची रोपं वाढवून त्यांवर संत्र्याचा डोळा बांधून कलमं करायच्या त्या सासूबाई, कलाबाई. दिवसाला तीनशे. चाकूनं त्यांच्या अंगठ्याला पडलेली खाच अजून हाताला लागते.

"तिचं नाव कायले नाही टाकलं?" मी विचारलं.

"नागपूरच्या पार्ट्या येतात, आई. कलाबाई वाचलं तं भाजीचं दुकान वाटते त्यायले."

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. पण मी निरांजन लावत राहिले. मी कमी बोलते, त्याला घरचे होकार समजतात.

मंडपात माणसं जमली. खुर्चीवर बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "शोभा, बोर्ड वाच ना वो. पोथीवानी."

वैभव दुरून माझ्याकडे बघत होता. एक नाव घातलं असतं तर त्या खूश झाल्या असत्या. त्यांना कुठं दिसणार होतं? पण मग उद्याच्या अध्यायातल्या कोणत्या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवायचा?

मी मोठ्यानं वाचलं. अक्षर न गाळता.

"अन् मी?"

"तुमचं नाव नाही, आई."

"मंग इतकी वर्सं मी काय तिथं पाव्हणी आलती?"

रामाकोन्याहून आलेले गुणवंता, आमचे जुने गिऱ्हाईक, खुर्चीतून उठले. "वैभवराव, तुमच्या आजोबाले डोया कोन्ता अन् काटा कोन्ता, समजत नोतं. आमी कलमा नेल्या त्या बाईच्या."

माणसं हसली. वैभवचा चेहरा उतरला. "आई, मुहूर्त चालला. नारळ दे."

पूजेतला नारळ माझ्या ओटीत होता. "ह्या बोर्डाखाली फोडायला नाही देणार," मी म्हटलं. आवाज चढवला नाही.

मुहूर्त गेला. नारळ पाच दिवस देवघरात राहिला, आणि माझा मुलगा पाच दिवस माझ्याशी बोलला नाही. सहाव्या दिवशी नवा बोर्ड लागला. सासूबाईंनी मला पुन्हा वाचायला लावलं.

"बाईची नर्सरी," मी वाचलं. "संस्थापक कलाबाई."

त्यांनी माझा हात चाचपून धरला.

"मनाचं तं नाही ना घातलं वो?"