उंबरमाळच्या मागचा डोह

शेंडीहून घाटघरकडं जाणाऱ्या रस्त्याला, भंडारदरा धरणाचं पाणी डाव्या अंगाला दिसत राहतं तिथं, कल्याण भांगरे याचं 'उंबरमाळ' नावाचं होमस्टे होतं. राहत्या घराला जोडून काढलेल्या चार खोल्या, पुढं पत्र्याची पडवी आणि बायकोच्या, रेश्माच्या, हातचं चुलीवरचं जेवण. एवढाच पसारा. जेवण असं की एकदा आलेला माणूस दुसऱ्यांदा यायचाच. पण तो पहिल्यांदा यायचा कसा, हीच अडचण होती. पुण्या-मुंबईच्या गाड्या शेंडीतल्या मोठ्या रिसॉर्टांपाशीच थांबायच्या. कल्याणच्या दारावरून जायच्या त्या काचा वर करून.

संगमनेरच्या राजनंदिनीनं हे चित्र पालटलं. ती हॉटेलं, साडीची दुकानं, दवाखाने यांची मोबाईलवर जाहिरात करून द्यायची. दोन दिवस येऊन राहिली, भाकरीपासून पडवीपर्यंत सगळ्याचे फोटो काढले, नकाशावर घराची खूण टाकली आणि आलेल्या पाहुण्यांकडून चार शब्द लिहून घ्यायला रेश्माला शिकवलं. "लोक आता रस्त्यावर पाटी बघत नाहीत, कल्याणदादा," ती म्हणाली, "आधी मोबाईलला विचारतात. तिथं आपलं नाव वर आलं पाहिजे."

आणि ते आलं. भंडारदऱ्यात घरगुती जेवण कुठं मिळेल असं कुणी विचारलं की पहिल्या चार नावांत उंबरमाळ दिसायला लागलं. कल्याणला त्याचं मोठं नवल वाटायचं. डोंबिवलीत बसलेल्या माणसाला आपल्या चुलीचा पत्ता कळतो म्हणजे काय.

श्रावणात राजनंदिनीचा फोन आला. देवळाली प्रवऱ्याचा एक मुलगा आहे, प्रशांत. सुप्याच्या कारखान्यात कामाला आहे, सुट्टीच्या दिवशी मोटरसायकल काढून फिरतो आणि रील बनवतो. त्याच्या मागं लाखभर माणसं आहेत. राहण्या-जेवणाच्या बदल्यात तो आपल्यावर एक रील करील.

प्रशांत शनिवारी आला. मनमिळाऊ पोरगा. आल्या आल्या रेश्माला ताई म्हणाला, चुलीपाशी जाऊन बसला, नाचणीची भाकरी आणि करटुल्याची भाजी मागून मागून खाल्ली. जेवण झाल्यावर हात पुसत म्हणाला, "दादा, धबधबे सगळ्यांनी दाखवलेत. अजून कुणी दाखवलं नाही असं काही आहे का?"

घराच्या मागं चढण चढून गेलं की ओढ्याला एक डोह होता. गुरं पाजायलाही तिथं कुणी नेत नसे, कारण कडेचा कातळ बारा महिने शेवाळलेला आणि पाणी आत फिरणारं. दिसायला मात्र हिरवंगार, काचेसारखं. कल्याण त्याला घेऊन गेला. शूटिंगसाठी आपला मोबाईल कल्याणच्या हाती देऊन प्रशांत कडेकडेनं चालत होता. तो जरा पुढं सरकला तसा कल्याण मागून ओरडला, "पुढं नको जाऊ रं, शेवाळ हाय. मागं ये." तो हसत वळला आणि मागं आला. संध्याकाळी त्यानं रील टाकून दिलं. चहा पिता पिता दोघांना दाखवलंही. त्यात तो म्हणत होता, "हा डोह अजून कुणालाच माहीत नाही. उंबरमाळला या, कल्याणदादा दाखवतील." रेश्माला आपली भाकरी मोबाईलात बघून हसू आलं होतं.

रविवारी सकाळी तो कुणाला न सांगता एकटाच वर गेला. सकाळचं ऊन पाण्यावर कसं पडतं ते त्याला घ्यायचं असावं. न्याहारीला आला नाही म्हणून कल्याण बघायला गेला, तर कातळावर नुसती चप्पल आणि त्याचा मोबाईल होता. गावातली माणसं गोळा झाली, गळ टाकले. दुपारी तो सापडला. राजूरच्या दवाखान्यात त्याचे वडील रंगनाथ आले, तेव्हा कल्याणच्या अंगावरचे कपडे अजून ओलेच होते. दोघं एका बाकावर बसून राहिले.

बातमी पसरली तसं ते रील सगळीकडं गेलं. आदल्या दिवशी ज्यानं हा डोह दाखवला तोच त्यात गेला, म्हणून ज्यानं त्यानं ते पुढं पाठवलं. पहिल्यांदा शिव्या आल्या. होमस्टेवाल्यानं पोराला मारलं, पैशासाठी धोक्याच्या जागी नेलं, असं माणसं उंबरमाळच्या फोटोंखाली लिहायला लागली. कल्याणनं ते गिळलं. पण शिव्यांच्या मागून गाड्या आल्या.

"कल्याणदादा तुम्हीच का? तो डोह दाखवता?"

पहिल्यांदा असं विचारलं ते एका नवरा-बायकोनं. बाईच्या कडेवर मूल होतं. कल्याणला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. मग रोज कुणी ना कुणी तेच विचारू लागलं. खोल्या कधी नव्हे त्या भरल्या. मोबाईलवर 'उंबरमाळ' लिहिलं की सगळ्यात वर प्रशांतचा हसरा चेहरा यायचा आणि त्याच्या तोंडून कल्याणचं नाव. रेश्मा भाकऱ्या थापता थापता मधेच थांबायची. म्हणायची, "ह्या लोकांना जेवू घालवत न्हाई मला."

कल्याणनं खोल्या द्यायचं बंद केलं. माणसं पलीकडं तंबू टाकून राहिली आणि सकाळी चढण चढून गेली. गावानं पायवाटेवर काटेरी फांद्या टाकल्या, त्या बाजूला सारल्या गेल्या. पोलिसांनी 'येथे जाण्यास सक्त मनाई आहे' अशी पाटी लावली. पोरं त्या पाटीला टेकून फोटो काढू लागली. एक जण घसरला, दोस्तानं शर्टाला धरून ओढला म्हणून वाचला. त्याचंही रील झालं.

कल्याण संगमनेरला राजनंदिनीच्या ऑफिसात गेला. तिचाही चेहरा उतरलेला होता. प्रशांतला तिनंच पाठवलं होतं, हे दोघांच्याही मनात होतं.

"मॅडम, तेवढं एक काढून टाका."

"मी किती वेळा तक्रार केली, दादा. यात नियमाविरुद्ध काही नाही, असं उत्तर येतं. तेही मशीनच पाठवतं. फोन करायला तिथं माणूसच नाही."

"मग कुनाला भेटायचं?"

"ज्यानं टाकलं त्यालाच काढता येतं." मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "त्याचा फोन घरी असेल."

कल्याण एसटीनं देवळाली प्रवऱ्याला गेला. प्रशांतचं घर गावाच्या कडेला, उसाच्या बांधाला लागून होतं. रंगनाथनं ओळखलं, आत नेलं, पाणी दिलं. प्रशांतची आई, चांगुणाबाई, भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर मोबाईल, त्याची चार्जरची वायर बोर्डाला लावलेली.

"मावशी, मी कल्याण. भंडारदऱ्याहून आलो."

तिनं मान वर केली. "तुमचाच आवाज हाय त्यात," ती म्हणाली. "तुमी त्याला हाक मारता. मागं ये म्हनता."

कल्याणनं मान हलवली.

"आनि तो येतो बघा मागं." तिनं मोबाईल लावला. प्रशांत कातळावरून चालला होता. मग कल्याणचाच आवाज आला, प्रशांत हसत वळला आणि थेट समोर चालत आला. तिथं रील संपलं आणि आपोआप पुन्हा सुरू झालं. "मी तेवढंच बघते," चांगुणाबाई म्हणाली. "लई माणसं रोज त्याला नमस्कार लिहितात. मला वाचता येत न्हाई, हे वाचून दावतात."

रंगनाथ दाराकडं तोंड करून बसला होता.

चहा आला. कल्याणनं तो घेतला. इथूनच परत फिरावं असं त्याला फार वाटलं. पण त्याच्या डोळ्यांपुढं ती कडेवर मूल घेतलेली बाई आली. त्यानं कप खाली ठेवला.

"मावशी, लोक ते बघून डोहावर येतात. लेकरं घेऊन येतात. मी अडवतो, पन ऐकत न्हाईत. परवा एक जाता जाता ऱ्हायला." त्यानं तिच्या मांडीवरच्या मोबाईलकडं बोट केलं. "ते काढून टाकता आलं, तर बघा."

चांगुणाबाई रडली नाही. वायर काढली आणि मोबाईल त्याच्या हातात दिला. "तुमीच काढा. माज्या हातानं व्हायचं न्हाई. दुसऱ्या कुनाचं लेकरू जायला नको, हे मलाबी कळतं."

कसं काढायचं ते राजनंदिनीनं त्याला पक्कं शिकवून पाठवलं होतं. तीन ठिपक्यांवर बोट ठेवायचं, मग खाली लाल अक्षरं येतात. त्यानं बोट ठेवलं. लाल अक्षरं आली. अक्षरांच्या मागं प्रशांत पुन्हा कातळावरून चालायला लागला होता, पुन्हा वळला. चांगुणाबाईनं तोंडाला पदर लावून डोळे मिटून घेतले होते, दवाखान्यात सुई टोचून घेताना माणूस मिटतो तसे.

कल्याणचं बोट पुढं सरकलं नाही. त्यानं मोबाईल तिच्या मांडीवर ठेवला आणि वायर लावून दिली.

रंगनाथ त्याला स्टँडपर्यंत पोचवायला आला. वाटेत म्हणाला, "मी एकदा काढायला बसलो होतो, कल्याणराव. तिला कळलं. दोन दिवस तिनं अन्न शिवलं न्हाई." गाडी लागेपर्यंत तो थांबला. "तुमी ह्यापायी आलात, हे बरं केलं. पन आमाला जमंल असं वाटत न्हाई."

संगमनेरला गाडी बदलताना कल्याणनं राजनंदिनीला फोन केला. ती म्हणाली, "खरं सांगू का दादा, काढलं असतं तरी काय झालं असतं ठाऊक नाही. शेकडो लोकांनी ते उतरवून आपापल्या नावानं टाकलंय. मी मोजायचं सोडून दिलं."

"मग आमाला तरी काढा," तो म्हणाला. "उंबरमाळ काढा त्या नकाशावरनं."

तिनं एकवार समजावून बघितलं. दोन वर्षांची मेहनत आहे, नाव परत वर आणायला फार वेळ लागेल, म्हणाली. तो ऐकेना तेव्हा तिनं काढलं. नकाशावर उंबरमाळपुढं 'कायमचे बंद' असे शब्द आले. रेश्मानं ते वाचलं आणि पडवीतल्या सतरंज्या गुंडाळून ठेवल्या.

आठवडाभर शांत गेला. मग एका सकाळी दोन मोटरसायकली घरापुढं न थांबता थेट मागच्या चढणीला वळल्या. कल्याण धावत आडवा गेला. पुढच्या पोरानं मोबाईल दाखवला. नकाशावर ओढ्याच्या जागी कुणीतरी नवीनच खूण टाकली होती. तिला नाव दिलं होतं 'प्रशांत पॉइंट'. खाली फोटो, खाली माणसांनी दिलेले तारे. साडेचार.

"हे कुनी टाकलं?" कल्याणनं विचारलं.

"कुणीपण टाकू शकतं, काका," पोरगा म्हणाला. "तुम्ही कोण, इथले का?"

कल्याणनं त्यांना सगळं सांगितलं. शेवाळाचं, फिरणाऱ्या पाण्याचं, त्या मुलाचं. पोरांनी सभ्यपणानं ऐकून घेतलं. मग म्हणाली, आम्ही पाण्यात उतरणार नाही, लांबूनच बघतो. आणि गाड्या लावून वर चालू लागली.

घरात जाऊन कल्याणनं ट्रॅक्टरची हवा भरलेली ट्यूब आणि विहिरीचा दोर खांद्याला अडकवला. रेश्मा दारात उभी होती. "रोज जानार का आता असं?" तिनं विचारलं.

"बघू," तो म्हणाला, आणि पोरं दिसेनाशी व्हायच्या आत त्यांच्या मागोमाग चढणीला लागला.