शेवंती बसली तर

मुक्कामाच्या यादीत पहिलं नाव शेवंतीचं होतं आणि काकांनी तेच खोडलं.

"तिले नाही न्याचं," ते म्हणाले. "आपण गाडीनं जाऊ. तू न् मी."

बेंबळा धरणाच्या पाण्याकाठी घोड्या घेऊन एक रात्र राहायचं, हा आमचा बेत मी सातवीत असल्यापासूनचा. दर वर्षी काहीतरी आडवं यायचं. कधी माझी परीक्षा, कधी काकांचा कापूस, कधी लग्नसराई. भगवानकाका हाडाचे शेतकरी, पण जीव सगळा घोड्यांत. हरणी आणि शेवंती या त्यांच्या दोन घोड्या बाभुळगावपासून मारेगावपर्यंतच्या वराती करायच्या. यंदा मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून घरी आले होते आणि मार्चमध्ये देहरादूनला नोकरीवर जाणार होते. म्हणजे जायचं तर आत्ताच, जानेवारीत. पण हरणी पोळ्याच्या आठवड्यात पोटदुखीनं गेली होती, आणि उरलेली शेवंती अधूनमधून कोसळायला लागली होती.

"पाय गेले तिचे," काका म्हणाले. "मारेगावले वरात दारात उभी, न् हे पुढच्या पायावर खाली. नवरदेव थेट बँडवाल्याच्या अंगावर."

"नवरदेव तं हसला," तानाकाकू चुलीपासून म्हणाल्या. "रडले तुमीच."

"मी कुठं रडलो?"

"मंग काय मीच रडली काय तिथं जाऊन?"

पांढरकवड्याजवळ हायवेवरच्या एका ढाबेवाल्याला दारात उभी करायला घोडी हवी होती. लोक तिच्याशेजारी फोटो काढतील, बाकी काम काही नाही. शेवंतीला न्यायला त्याची गाडी सोमवारी येणार होती. "तिथं तिले नुसतं उभं राहाचं," काका मला समजावत होते. समजावताना ते शेवंतीच्या पाठीवर खरारा फिरवत होते, बराच वेळ एकाच जागी.

मी तिचे पाय तपासले. सूज नव्हती. खूर गरम लागत नव्हते. अंगणात चालवून पाहिलं, लंगडत नव्हती. जखमा होत्या त्या फक्त पुढच्या पायांवर, समोरच्या बाजूनं, जुनीवर नवी. मग ती कधी कधी पडली ते दोघांना विचारून मी वहीत लिहून काढलं. सात वेळा. सातही वेळा ती उभी होती. चालताना एकदाही पडली नव्हती.

याचा अर्थ मला लगेच लागला नाही. मी पुन्हा यादीकडे वळले. काकांनी नाव खोडलं होतं, यादी करायला मनाई केली नव्हती. ताडपत्री, दोन घोंगड्या, कडबा, भिजवायला हरभरा, बादली, दोर.

"काका, समजा नेलीच, तर दोर किती घ्यायचा?"

"दोन हात."

"दोन हातांत ती खाली कशी बसन?"

"बसू कायले द्याचं?"

मी पेन खाली ठेवला. "घरी पण एवढंच बांधता?"

"हरणी गेली तव्हापासून. मोकळी असली न् बसाले लागली, का उठवतो मी. रात्री दोनदा पाहून येतो."

"चारदा," काकू म्हणाल्या. "मले खाट वाजलेली ऐकू येते."

काका ओट्यावर टेकले. फोनवर त्यांनी मला जे कधी सांगितलं नव्हतं ते सांगायला लागले. "त्या दिवशी हरणी सकाळीच बसली होती. मी म्हटलं, झोपली असन, झोपू दे. अन् मी फवारणीले निघून गेलो. दोन तासानं आलो तं ते हातची गेलती."

मग मला जे माहीत होतं ते मी सांगितलं. घोडा उभ्यानं डुलकी काढतो, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवंच व्हावं लागतं. दिवसाकाठी अर्धा-पाऊण तास पुरतो. तेवढाही मिळाला नाही, तर मग झोप त्याला उभ्यानंच गाठते आणि पुढचे पाय दुमडतात.

"तिचे पाय चांगले आहेत, काका. पाच महिने ती झोपलीच नाही धड."

काकांनी तिच्या पायांवरच्या जखमांकडे पाहिलं. "म्हणजे मीच पाडलं तिले."

माझ्या बोलण्यातून हे निघेल असं मला वाटलं नव्हतं. काकूंनी चूल सोडली आणि बाहेर येऊन त्यांच्याजवळ बसल्या. "तुमी कायले पाडान? जपलं तुमी तिले. जरा जास्तच जपलं."

"अन् बसली न् उठलीच नाही तं?"

मी म्हटलं, "शनिवारी आपल्याला मुक्कामाची जागा पाहायला जायचंच आहे. तिला घेऊन जाऊ. पायी, दिवसाच."

शनिवारी साडेसहा किलोमीटर आम्ही चाललो, काका, मी आणि मधे शेवंती. तांड्यावरच्या धावजींचं शेत पाण्याला लागून आहे. काकांचे ते जुने दोस्त, जागा त्यांनीच देऊ केली होती. पाणी मागे हटलेलं, काठावर आखूड हिरवं गवत. काकांनी तिच्या तोंडावरची दोरीची मोरखी काढली नाही, पण दोर मात्र माझ्या हातात दिला. चांगला लांब होता. ती चरत राहिली. मी वारा कुठून येतो ते पाहिलं, पाण्यापासून अंतर मोजलं, चूल कुठे मांडायची ते ठरवलं.

बाराच्या सुमारास शेवंतीनं चरणं थांबवलं. जमीन हुंगली, एका जागी गोल फिरली, पुढचे पाय दुमडले आणि बसली.

काका ताडकन उठले. "ए... ए शेवंती..."

"काका, दहा मिनिटं."

"श्वास पाह्य ना कसा घेऊन राह्यली!"

"मोजून राह्यली मी. मिनिटाला बारा. बरोबर आहे. पोटाकडे मान वळवत नाही, लोळत नाही. हरणी तसं करत होती ना?"

"मी पाह्यलं कुठं तव्हा," ते म्हणाले.

ते बसले. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. शेवंती हळूहळू कुशीवर कलली, पाय लांब सोडले. खालचा ओठ लोंबला. जरा वेळानं तिचे खूर हवेतच थरथरायला लागले.

"पळून राह्यली कुठंतरी," काका पुटपुटले.

तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला. घाईनं खिसा चाचपताना त्यांनी तो दोनदा पाडला. ढाबेवाला होता.

"हळू बोला ना भाऊ," काका कुजबुजले. "झोपली हाये... अहो, घोडी! दुसरं कोण? ... नाही, बिमार नाही. झोपली हाये म्हणतो ना! ... मी करतो तुमाले फोन."

सव्विसाव्या मिनिटाला शेवंतीनं मान उचलली. पुढचे पाय समोर रोवले, एक हिसका दिला आणि उभी राहिली. अंग असं झटकलं की सगळी माती आमच्या भाकरींवर. मग जणू काही झालंच नाही अशी चरायला लागली.

काका तिच्याजवळ गेले नाहीत. जागेवरूनच पाहत राहिले, बराच वेळ. मग त्यांनी ढाबेवाल्याला फोन लावला. "गाडी नका पाठवू भाऊ. आमचा इकडं मुक्काम ठरला हाये." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. "नाही नाही, घोडीपण संग हाये," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

माती झटकून आम्ही भाकरी खाल्ली. काकांनी शेला गवतावर अंथरला आणि आडवे झाले.

"मी पडतो जरासाक. तू तिच्यावर लक्ष ठेव, समू."

"बरं."

त्यांनी डोळे मिटले. पुन्हा उघडले, शेवंतीकडे पाहिलं.

"नाही तं राहू दे," म्हणाले, आणि मिनिटभरात घोरायला लागले.